तिसरं पान

सव्वीस जानेवारीला एक दिवस उरला होता. भिकू न्हावी कुशाबाच्या ओट्यावर वस्तरा पाजवत बसला होता. कुशाबाच्या गालाला साबण लावता लावता त्यानं सहज विचारलं, "तात्या, बिल्लं घासून ठेवलं का न्हाई?"

"कशाला?"

"आता कशाला म्हनं! उद्या पौडाला झेंडावंदन हाय न्हवं? समदं जुनं फौजी बोलावल्यात. वळीनं खुर्च्या, नारळ, शाल. पुण्यास्नं मिलट्रीचा मोठा सायेब येनार. भुकूमचा नथू तर चार दिस झालं कोट उनात घालतोय. आन् त्यो काय लढला? बसऱ्याला भाकऱ्या बडवत हुता."

"त्याच्या भाकऱ्या खाऊनबी मान्सं गेल्यात," कुशाबा म्हणाला. "त्याला बिल्ला द्यायाच पायजे."

भिकू हसला. कुशाबाही हसला, पण वस्तरा गालावर आला तसं त्याचं हसू थांबलं. कारण आठच दिवसांपूर्वी गेणबानं त्याला सांगितलं होतं की यंदा पौडाला काही नाही, शाळेची पोरं कवायत करतील आणि घरी जातील, तू कशाला दोन कोस पाय तुडवत येतोस.

गेणबा त्यांच्याच गावचा, कासार आंबोलीचा, सरपंच होता. पण कुशाबाला तो कधी सरपंच वाटला नाही. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते आणि सहा वर्षं एकाच थाळीत जेवले होते. इटलीतल्या कुठल्याशा गावात भिंत कोसळून गेणबा गाडला गेला, तेव्हा कुशाबानं त्याला हातांनी उकरून काढला होता. कुशाबाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यानंतर धड नखं आली नाहीत. गेणबा फौजेतच लिहायवाचायला शिकला. कुशाबाला सही येत होती, तेवढीच. गावात कुणालाही पत्र आलं की ते गेणबाकडे जायचं. असा माणूस खोटं कशाला सांगेल?

"गेणबा इसरला आसंल," कुशाबा म्हणाला.

"इसरतोय! याद्या त्येच्याच हातच्या हायेत, तात्या. मामलेदाराच्या मांडीला मांडी लावून लिवत हुता त्यो. मी त्याची हजामत तितंच केली."

भिकू वस्तरा पुसून गेला. कुशाबा ओट्यावरच बसून राहिला. सरपंच झाल्यावर माणूस बदलतो, असं लोक म्हणत. कुशाबानं ते कधी ऐकून घेतलं नव्हतं. आता पहिल्यांदाच त्याला वाटलं, की गेणबाला आपली लाज वाटत असेल. आपला कोट विटलेला, घरात बाई नाही, धोतर धड धुतलेलं नसतं.

तरी त्यानं जायचं ठरवलं. शालीसाठी नाही. पुण्याहून मिलिटरीचा साहेब येणार होता, आणि कुशाबाला त्याला एकच गोष्ट विचारायची होती. भैरू कुठे आहे?

भैरू त्याचा एकुलता एक मुलगा. चीनच्या लढाईत तो नेफात होता. बासष्टच्या दिवाळीनंतर तार आली, गेणबानं ती वाचली. बेपत्ता. पुढच्या उन्हाळ्यात चिन्यांनी कैदी सोडले. कुशाबा तेव्हा पुण्याला जाऊन दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात बसून आला. तिथल्या बाबूनं सांगितलं, काय असेल तो कागद घरी येईल. घरी आल्यावर त्यानं गोजराबाईला विचारलं, "काय आलं का?" ती चुलीपुढे होती. मागं न बघता म्हणाली, "न्हाई." तेव्हापासून कुशाबानं मनाशी धरून ठेवलं होतं, की सगळे कैदी काही एकदम सोडत नाहीत. इटलीतही तसंच होतं. लढाई संपून वर्ष झालं तरी मेलेले म्हणून धरलेले लोक चालत परत येत होते. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते.

गोजराबाई गेल्या कार्तिकात गेली. ताप आला, सहा दिवसांत आटोपलं. तिच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. उंबरावर पाच-सात कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. तिच्या भावानं हात जोडून सांगितलं, घराकडे लक्ष देईन. नाही उतरले. शेजारची तुळजाबाई म्हणाली, तुमच्या म्हशीला अंतर देणार नाही. नाही उतरले. मग कुशाबा पुढे झाला. त्याला ठाऊक होतं तिचा जीव कशात अडकलाय ते. तो म्हणाला, "गोजरे, मी भैरूची वाट बघीन. दार उघडं ठिवीन. आन् जितं आसंल तितनं त्याला हुडकून आनीन." सगळ्यांना वाटलं आता शिवणार. कावळे तसेच बसून राहिले. ऊन तापलं. भटजी दर्भाचा कावळा करायला निघाला, तेव्हा गेणबा उठला. पिंडाजवळ उकिडवा बसला, ओठातल्या ओठात काही बोलला, आणि मागं सरून उभा राहतोय तोच कावळा आला.

"काय बोललास तू तिला?" त्या दिवशी परतताना कुशाबानं विचारलं होतं.

"काय न्हाई. कुशाला संबाळीन म्हनालो."

कुशाबाला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि थोडं वाईटही. बायको आपली, आणि वचन मानलं मित्राचं.

संध्याकाळी त्यानं ट्रंकेतून कोट काढला. बिल्ले घासायचं काम गोजराबाईचं. ती चिंच लावून, राख लावून, मग लुगड्याच्या पदरानं पुसायची आणि दरवेळी म्हणायची, "ह्या पितळंपायी पोराला धाडलंत." चिंच कुठल्या मडक्यात असते ते कुशाबाला सापडलं नाही. त्यानं नुसत्या राखेनं घासले. नीट चकाकले नाहीत.

सकाळी तो पौडाला पोचला, तेव्हा शाळेच्या पटांगणात पोरं रांगेत उभी होती. खुर्च्यांच्या दोन ओळी. मागं पंचक्रोशीतली माणसं. गेणबा मंडपाच्या खांबाशी उभा राहून मामलेदाराशी बोलत होता. त्यानं कुशाबाला बघितलं आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. तो जवळजवळ धावतच आला.

"कुशा! तू कसा काय?"

"पायानं."

"आरं, तसं न्हवं. चल, आदी च्या घिऊ. स्टँडावर गरम भजी काडल्यात."

"झेंडा चडतोय आन् तू मला भजी चारतोस व्हय?"

"लई येळ हाय अजून. चल तर."

"गेणू," कुशाबा म्हणाला, "मला खुर्ची नको. म्या मागं हुबा ऱ्हातो. तुझी लाज न्हाई काडत."

गेणबानं त्याचा दंड धरला. तेवढ्यात मामलेदारानं हाक मारली आणि त्याला जावं लागलं. जाता जाता तो दोनदा वळून बघत होता.

भुकूमच्या नथूनं लांबून हात केला. "ये रं कुशाबा, अर्दी खुर्ची घे माजी. मला कुटं पुरी लागतीया!" त्याच्या छातीवर दोनच बिल्ले होते, पण इतके घासलेले की डोळ्यात जात होते. कुशाबा त्याच्या खुर्चीमागं उभा राहिला. झेंडा वर गेला. म्हाताऱ्यांनी सलाम ठोकला. कुशाबाच्या हातानंही ठोकला. पुण्याच्या साहेबाकडे त्यानं नीट बघून घेतलं. तरणाच होता, मिशी बारीक. बोलायला अवघड जाणार नाही, असं त्याला वाटलं.

मग मामलेदार कागद घेऊन उभे राहिले. आपल्या भागातून दोन मोठ्या लढायांना किती जण गेले आणि किती आले नाहीत, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, आता चीनच्या आक्रमणात देह ठेवलेल्या आपल्या जवानांची नावं वाचतो. घरच्या माणसांनी पुढे यावं.

पहिलं नाव सूसच्या एका पोराचं. त्याची बायको रत्नाबाई पुढे आली. पंचविशीची असेल नसेल. कपाळ मोकळं. साहेबानं तिला नारळ दिला, काचेत मढवलेला कागद दिला. तिला दोन्ही एकदम धरता येईनात. कुशाबानं मनात म्हटलं, अरेरे. त्याला गोजराबाईची आठवण झाली. तिला हे बघावं लागलं नाही, एवढं तरी बरं झालं.

दुसरं नाव कुठल्या तरी वाडीचं. आणि मग मामलेदारांनी वाचलं, "शिपाई भैरू कुशाबा दुधाणे. मुक्काम कासार आंबोली."

कुशाबाला आधी वाटलं, नावासारखं नाव असतं. असेल दुसरा कुणी भैरू. दुधाण्यांची घरं काय थोडी आहेत? पण बापाचंही नाव तेच, आणि गावही तेच.

"नेफा आघाडीवर वीरगती. यांचे आईवडील हयात नाहीत. घरच्यांच्या वतीनं सरपंच गेणबा हा मान स्वीकारतील."

गेणबा उठला होता. पण त्याचे पाय पुढे पडत नव्हते. तो मंडपाच्या मधोमध उभा राहिला, मान खाली घालून.

"मी हाय," कुशाबा म्हणाला. आवाज निघालाच नाही. त्यानं नथूची खुर्ची घट्ट धरली आणि पुन्हा म्हणाला, "मी जित्ता हाय. मी बाप हाय त्याचा."

माणसं वळली. पोरांच्या रांगेत कुणीतरी हसलं, मास्तरनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मामलेदार कागद उलटा करून बघू लागले, जणू मागच्या बाजूला खरं लिहिलेलं असावं. साहेब मात्र खाली उतरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत कुशाबापुढे येऊन उभा राहिला. त्यानं आधी बिल्ले बघितले, मग सलाम केला. कुशाबानंही केला.

"सायेब," कुशाबा म्हणाला, "त्यो कैदेत हाय. तुमी यादी बगा. अजून समदं सोडलं नसत्याल."

साहेब मराठी समजत होता, पण उत्तर हिंदीत दिलं. "बाबा, कैदी सब लौट आये. आपके घर तो कागज गया था. तिरसठ के मई में."

"मला न्हाई आला."

साहेबानं गेणबाकडे बघितलं. कुशाबानंही बघितलं. तीस वर्षांची ओळख. गेणबाचा खांदा कसा पडतो, तो खोटं बोलताना कुठे बघतो, सगळं कुशाबाला पाठ होतं. त्याला काही विचारावं लागलं नाही.

त्यानं नारळ घेतला नाही, कागद घेतला नाही. कोटाची बटणं लावली आणि रस्त्याला लागला.

अर्ध्या वाटेवर ओढा आहे. तिथवर गेणबा त्याच्या मागं वीस पावलांवर चालत होता. काखेत तो काचेचा कागद. कुशाबा थांबला की तो थांबायचा. ओढ्याच्या दगडावर कुशाबा बसला, तसा गेणबा जवळ येऊन उभा राहिला.

"मला मारलास," कुशाबा म्हणाला. "सरकारी कागदावर. हयात न्हाईत."

"तू येनार न्हाईस आसं वाटलं. नाव गाळा म्हनालो, तर मामलेदार म्हनं नाव गाळता येत न्हाई. मग घरच्यांना बोलवा म्हनाला. तवा म्हनलं, घरी कुनी न्हाई. दुसरं काय सुचलं न्हाई मला, कुशा."

"कागद कवा आला?"

"तू पुण्याला गेलतास तवा. तू तितं व्हरांड्यात बसलास आन् टपालवाला हितं आला. वैनीनं अंगठा दिला. मला बोलावलं, म्या वाचला."

कुशाबानं मान वर केली.

"वैनीनं?"

"व्हय."

"तिला ठावं हुतं?"

"व्हय."

"खोटं बोलतुयास. मेलेल्या बाईवर घालतुयास."

"भंडारा उचलू? सांग. कुटल्या देवाचा उचलू?" गेणबा खाली मातीत बसला. "मी वाचलं, तशी ती जात्याला धरून बसली. रडली न्हाई. मग म्हनली, भावजी, ह्यांनला सांगू नका. म्या म्हनलं, वैनी, कसं न्हाई सांगायचं, बाप हाय. तर म्हनली, बाप हाय म्हनूनच. पोरगं जात नव्हतं, ह्यांनीच त्याला गाडीत बसवला. ह्यांना कळलं तर हे दोन महिनंबी काडायचं न्हाईत. शपथ घेतली माझ्याकडनं. तुझ्या गळ्याची."

 खरं होतं ते. बासष्टच्या उन्हाळ्यात भैरू सुटीवर आला होता. सुटी संपायच्या आदल्या दिवशी तो गोठ्यात कुशाबाजवळ आला आणि म्हणाला, "आबा, मला न्हाई जायचं. मी भात लावीन हितंच." कुशाबानं त्याला विचारलंसुद्धा नाही, का म्हणून. "पळून आलेल्याचा बाप म्हनून पौडाच्या बाजारातनं हिंडू का मी?" एवढंच बोलला. गोजराबाई ट्रंक धरून बसली. लावणी होईपर्यंत तरी राहू द्या म्हणाली. कुशाबानं ट्रंक तिच्या हातातून ओढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर घेतली, पौडापर्यंत पोराच्या पुढे चालला आणि त्याला एसटीत बसवून आला. गाडी हलली तेव्हा भैरूनं खिडकीतून बघितलं नाही. तेही त्याच्या ध्यानात होतं.

"दहाव्याला काय बोललास?" कुशाबानं विचारलं. "पिंडापाशी."

गेणबा मातीत बोट फिरवत राहिला.

"बोल."

"म्हनलं, वैनी, न्हाई सांगनार त्याला. मरस्तवर न्हाई सांगनार."

"आन् कावळा शिवला."

"शिवला."

कुशाबा उठला. ओढ्यातून चालताना त्यानं वहाणा काढल्या नाहीत. पलीकडे जाऊन तो म्हणाला, "गेणू, मी वचन दिलं पोराला हुडकायचं. सगळ्या गावाम्होरं. तू तितंच हुतास. ती तितंच हुती. आन् कावळं झाडावर बसून बगत हुते माझ्याकडं."

"कागद कुटं हाय?" थोडं चालल्यावर त्यानं विचारलं.

"घरातच. तुझ्या देव्हाऱ्यात. देवाच्या तांबड्या फडक्याखाली."

घरी आल्यावर त्यानं देव बाजूला काढून ठेवले. खंडोबाचा टाक, आईबापांचे टाक, तुळजापूरची भवानी. फडकं उचललं. खाली घडी केलेला कागद होता. कडांना हळद लागली होती, मधे तेलाचा डाग होता. दोन वर्षं होत आली, कुशाबा रोज सकाळी अंघोळ करून इथं डोकं टेकवत होता आणि म्हणत होता, देवा, पोराला सुखरूप आण. गोजराबाई मागं उभी असायची. ती रोज ऐकायची.

"वाच," त्यानं गेणबाला सांगितलं.

"कुशा, ऱ्हाऊ दे आज."

"तिला वाचून दावलास. मलाबी दाव. हुबा ऱ्हाऊन वाच."

गेणबानं उभं राहून वाचलं. नंबर, नाव, पलटण. अठरा नोव्हेंबर एकोणीसशे बासष्ट. कुशाबानं दिवस मोजून बघितला. तेव्हा भाताची झोडणी चालू होती. त्या साली भात चांगलं झालं होतं. रात्री खळ्यावर त्यानं पोवाडासुद्धा म्हटला होता.

गेणबा गेल्यावर एकेक गोष्ट त्याच्यापुढे येऊन उभी राहू लागली. त्रेसष्टच्या उन्हाळ्यापासून गोजराबाईनं गूळ सोडला होता. भैरूला गुळाचा फार नाद. कुशाबाला वाटलं, पोरगं परत यावं म्हणून नवस केला. त्यानं तिला शाबासकीही दिली होती. भैरूची घोंगडी तिनं डोंगरावरच्या कान्हू कातकऱ्याला देऊन टाकली. कुशाबा चिडला, पोरगं आल्यावर काय पांघरेल म्हणून. ती म्हणाली, "आल्यावर नवी घिऊ." आणि सर्वपित्रीच्या अवसेला ती कौलावर पानं ठेवायची. एक कुशाबाच्या बापाचं, एक आईचं. गेली दोन वर्षं ती तिसरंही ठेवत होती. तिसऱ्यावर गुळाची पोळी असायची.

"ह्ये कुनाचं गं?" त्यानं विचारलं होतं.

"आसंच. कुनी सुटून ऱ्हायलं आसंल त्याचं."

शिडी कुशाबानंच धरली होती, दोन्ही वर्षी. ती वरून उतरली की तिचे हात धरून उतरवायचा. तिच्या हातांना गुळाचा वास यायचा आणि ती ते लगेच धुऊन टाकायची.

तो चुलीपुढे बसला. त्याला गोजराबाईचा राग येत होता, आणि मेलेल्या माणसावर रागावायची त्याला सवय नव्हती. त्याला वाटत होतं, एकाच घरात एका अंथरुणावर निजून ती पोराला एकटीच रडली. कधी रडली असेल? गवताला जायची तेव्हा? नदीवर? आपण काय दगड होतो, की आपल्याला सांगितलं तर फुटलो असतो? आणि फुटलो असतो तर फुटलो असतो. आपलंही पोरगं होतं. त्याच्या वाटणीचं रडणंसुद्धा तिनं रडून संपवलं होतं, आणि त्याला तीन महिने एकट्या तिच्यासाठी रडायला ठेवलं होतं.

भटजीनं सांगितलं, बातमी कळली त्या दिवसापासून सुतक धरा. दर्भाचा पुतळा करून तो नदीवर जाळला. भिकूनं कुशाबाचं डोकं केलं. या खेपेला त्यानं एक शब्द काढला नाही, तेव्हा कुशाबाच म्हणाला, "तुजा दोष न्हाई. तू नसता बोलला तर मी वाटच बगत बसलो असतो."

ते नऊ दिवस कुशाबा एका वाक्याची जुळवाजुळव करत होता. दहाव्याला कावळा शिवणार नाही, याची त्याला खात्री होती. पोरगं रागावून गेलं होतं, खिडकीतून बघितलंही नव्हतं. ते बापाकडून काहीतरी मागणारच. तेव्हा आपण पुढे व्हायचं आणि सगळ्यांपुढे बोलायचं, "भैरू, तू नगं म्हनत हुतास. म्या तुला गाडीत बसवला. माझं चुकलं." एवढंच. जास्त काही नाही. म्हशीचं दूध काढताना तो ते म्हणून बघायचा. 'माझं चुकलं'पाशी आवाज बसायचा, म्हणून पुन्हा म्हणायचा.

दहाव्या दिवशी नदीवर गाव आलं. नथू भुकूमहून आला. सूसची रत्नाबाई सासऱ्याबरोबर आली आणि बायकांत बसली. गेणबा लांब, उंबराच्या बुंध्याशी उभा होता. भटजीनं पिंड मांडला. पिंडाशेजारी कुशाबानं गुळाचा खडा ठेवला. पाणी सोडलं. उठून दोन पावलं मागं सरला, घसा खाकरला, हात जोडले.

तो तोंड उघडणार तोच कावळा उतरला. एक नाही, दोन उतरले. एकानं भात उचलला, दुसऱ्यानं गूळ.

"शिवला, शिवला!" तुळजाबाई ओरडली. "पोराचं काय मागणं न्हाई ऱ्हायलं गं बाई. सुखात गेलं लेकरू."

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. भटजी म्हणाला, भाग्य लागतं. नथूनं कुशाबाच्या पाठीवर हात ठेवला. माणसं उठून पाय धुवायला पाण्याकडे गेली. कुशाबाचे हात जोडलेलेच राहिले होते.

कावळे पान साफ करून उडून गेले.

गेणबा हळूहळू जवळ आला. "कुशा, बरं झालं. वैनीनं दोन वर्सं त्याला पान घातलं न्हवं? भागलं आसंल त्याचं."

"व्हय," कुशाबा म्हणाला. "समदं भागवून गेली ती. माझ्यासाटी काय ठिवलं न्हाई."

"तू काय बोलनार हुतास त्याला? हात जोडलंतास."

कुशाबानं हात सोडले. उजव्या हाताची ती दोन बोटं त्यानं धोतराला पुसली. गेणबाला गाडल्या भिंतीखालून काढलेली बोटं.

"तुमी दोगांनी दोन वर्सं ठिवलंत," तो म्हणाला. "आता ह्ये मी ठिवतो."

गेणबा तिथंच उभा राहिला. कुशाबानं पाय धुतले आणि घरच्या वाटेला लागला. घरात आल्यावर त्यानं, गेणबानं वाचून दाखवलेला तो घडीचा कागद देव्हाऱ्यात ठेवला, फडक्याच्या वर, उघडा. देव होते तसे मांडले. डोकं मात्र टेकवलं नाही. मग सोप्यात येऊन, कार्तिकापासून रात्रंदिवस उघडं ठेवलेलं ते दार त्यानं ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.